राखेत बसून गायलेलं गाणं

तीन-चार मिनिटांचं गाणं, सोबत चित्रं... आणि बघता बघता माणूस हळवा होतो, चिडतो, निवेदनावर सही करतो, कधी कधी थेट रस्त्यावर उतरतो! चेन्नईत गेल्या काही वर्षांत अशा गाण्यांनी काय घडवलं आणि काय घडवता आलं नाही, त्याची ही हकिगत. सिरुसेरीच्या आयटी पार्कात ज्यांची मुलं-सुना नोकरीला आहेत, त्यांनी तर ती आवर्जून वाचावी.

स्थळ : चेन्नईच्या उत्तर टोकाची एन्नोर खाडी. काळ : जानेवारी २०१७, पोंगलचे दिवस.

मागे औष्णिक वीज केंद्राची धुराडी. आजूबाजूला कोळशाच्या राखेनं करडी पडलेली जमीन. आणि त्या उजाड जागी चक्क शास्त्रीय गायनाची बैठक मांडलेली! व्हायोलिन आहे, मृदंग आहे आणि मध्ये बसलेत टी. एम. कृष्णा. कर्नाटक संगीतातलं आजचं एक मोठं नाव. आदल्याच वर्षी, २०१६मध्ये, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. ज्या गायकासाठी मद्रासच्या वातानुकूलित सभागृहांत रसिक महिनाभर आधी तिकिटं काढून ठेवत, तो गायक इथे राखेच्या शेजारी बसलाय आणि एका दृश्यात तर त्याच्या तोंडावर मास्क आहे. आनंदभैरवी, बेगडा असे एकाहून एक भारदस्त राग. पण शब्द? शब्द मात्र चेन्नईच्या फुटपाथवरचे, रिक्षावाल्याच्या तोंडचे.

या गाण्याचं नाव ‘चेन्नई पोरंबोक्कू पाडल’. कबेर वासुकी यांनी ते लिहिलं, आर. के. श्रीरामकुमार यांनी चाल बांधली आणि रतींद्रन प्रसाद यांनी त्याची चित्रफीत बनवली. १४ जानेवारी २०१७ला ती प्रसिद्ध झाली.

आता हा ‘पोरंबोक्कू’ काय प्रकार आहे? आपल्याकडे गायरान, गावठाण, तळ्याचा काठ, नदीचं पात्र असतं ना, तशी जमीन. कुणा एकाच्या नावावर नसलेली, जिच्यावर शेतसारा लागत नाही अशी, अवघ्या गावाची. जुन्या तामिळीत हा सरळ महसुली शब्द. पण बोलता बोलता त्याची शिवी झाली. कुणाला ‘पोरंबोक्कू’ म्हणायचं म्हणजे ‘अरे टाकाऊ माणसा, बिनकामाच्या!’ असं हिणवायचं. सारा मिळत नाही म्हणून जमीन टाकाऊ आणि जमीन टाकाऊ म्हणून शब्दही टाकाऊ. गाण्याचा सगळा डाव या एका शब्दावर आहे. शिवी उचलायची, तिला आनंदभैरवीत बसवायची आणि ऐकणाऱ्याला विचारायचं की बाबा रे, गावाच्या मालकीची खाडी राखेनं भरणारे आपण, मग टाकाऊ नेमकं कोण?

एन्नोरची व्यथा खरी होती. कोसस्थलैयार नदी इथे समुद्राला मिळते. मुंबईच्या खाड्यांवर कोळ्यांचं पोट चालायचं, तसं इथल्या कोळ्यांचं या खाडीवर चालायचं. काठावर वीज केंद्रं आली, बंदर आलं. राखेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांना गळती लागली आणि राख खाडीत साचत गेली. नित्यानंद जयरामन यांच्यासारखे कार्यकर्ते याबद्दल कित्येक वर्षं लिहीत होते, अर्ज करत होते. शहराला पत्ता नव्हता. किंवा पत्ता असूनही गरज नव्हती.

पण एन्नोर राहिलं उत्तरेला. सिरुसेरीतल्या आपल्या मराठी मुलांचा त्याच्याशी काय संबंध?

दलदल, कालवा आणि काचेच्या इमारती

सिरुसेरी हे एन्नोरपासून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरचं एकेकाळचं साधं खेडं. तिथे ‘सिपकॉट’नं आयटी पार्क उभारलं. सिपकॉट म्हणजे तामिळनाडूची एमआयडीसीच म्हणा ना! टाटा कन्सल्टन्सीचं प्रचंड संकुल तिथे आहे, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारखी नामांकित संस्था आहे. पुण्या-नागपूरहून, सांगली-नाशिकहून इंजिनीअर झालेली मुलं या रस्त्यावरच्या कंपन्यांत रुजू होतात, वर्ष-दोन वर्षांत इडली-सांबाराला सरावतात आणि मग एक दिवस घरी फोन येतो : ‘बाबा, इथेच फ्लॅट बघतोय.’

तो फ्लॅट ज्या पट्ट्यात असतो, तो पट्टा नीट समजून घ्यायला हवा. या रस्त्याच्या वरच्या अंगाला पल्लीकरणैची दलदल आहे. दलदल म्हटलं की आपल्या नाकाला रुमाल लागतो. पण दक्षिण चेन्नईतल्या कित्येक तळ्यांचं जादा पाणी आधी इथे येतं, इथे थबकतं, मुरतं. उरलेलं ओक्कियम मडुवू नावाच्या प्रवाहातून बकिंगहॅम कालव्यात शिरतं आणि दक्षिणेला मुट्टुकाडूजवळ कोवलमच्या खाडीतून समुद्राला मिळतं. मुट्टुकाडूची ही खाडी सिरुसेरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी हजारो हेक्टर पसरलेली ती दलदल गेल्या काही दशकांत झपाट्यानं आक्रसली. तिच्यावर कचऱ्याचा डेपो आला, रस्ते आले, वसाहती आल्या, कंपन्या आल्या. आणि गंमत अशी की सरकारी संस्थाही आल्या!

मग उजाडला डिसेंबर २०१५. असा पाऊस कोसळला की विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. तामिळनाडूत त्या मोसमात शेकडो माणसं दगावली. आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरच्या वसाहतींत नावा फिरल्या. ज्या पाण्याला थांबायला पोरंबोक्कू उरला नव्हता, ते पाणी नोंदणीकृत खरेदीखत असलेल्या दिवाणखान्यात येऊन थांबलं!

गाणं आलं ते या पुरानंतर तेरा महिन्यांनी. चेन्नईकरांच्या भिंतींवरची ओल अजून पुरती वाळली नव्हती. भावनेला हात घालायचा तर वेळही साधावी लागते, ती या मंडळींनी बरोबर साधली.

पण माणसं जमली दुसऱ्याच गाण्यावर

आता जरा गंमत पाहा. पोरंबोक्कूचं गाणं प्रसिद्ध झालं १४ जानेवारीला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १७ जानेवारीपासून, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण पोरं-पोरी जमू लागली. आठवड्याभरात तिथे माणसांचा समुद्र झाला. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या कंपन्यांतले कर्मचारीही गळ्यात ओळखपत्रं अडकवून रस्त्यावर आले. कशासाठी? खाडीसाठी? दलदलीसाठी? छे! जल्लिकट्टूसाठी!

बैलाच्या वशिंडाला मिठी मारायचा हा पोंगलचा खेळ. सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये त्यावर बंदी आणली होती. या बंदीविरुद्धचा राग तरुणांच्या मनात पेटता ठेवण्यात एका गाण्याचा मोठा वाटा होता. ‘हिपहॉप तमिळा’ या जोडीतल्या आदीनं २०१६मध्ये ‘टक्करु टक्करु’ नावाची चित्रफीत काढली होती. तिच्यात बैल म्हणजे जनावर नव्हे, घरातलं माणूस. खेळ बंद म्हणजे देशी वाण बंद, देशी वाण बंद म्हणजे आपली ओळखच पुसली आणि या सगळ्यामागे बाहेरच्यांचा डाव, असा एकूण सूर. ठेका असा की पाय स्वस्थ बसत नाहीत.

२३ जानेवारी २०१७ला तामिळनाडू विधानसभेनं जल्लिकट्टूला वाट करून देणारं विधेयक मंजूर केलं. आपल्या बैलगाडा शर्यतीवाल्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल. महाराष्ट्राचीही लढाई तीच होती आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा तिन्ही राज्यांचे कायदे एकदमच उचलून धरले.

म्हणजे त्या एका जानेवारीत, एकाच शहरात, दोन गाणी. एकानं मरीना भरला. दुसऱ्याची वाहवा झाली, वर्तमानपत्रांतून लिहून आलं, लाखो लोकांनी ते पाहिलं... पण त्याच्यासाठी किनारा भरला नाही.

असं का व्हावं?

एक कारण उघड आहे. आदीचं गाणं ऐकणाऱ्याला सांगतं की तू थोर आहेस आणि तुझ्यावर अन्याय झालाय. कृष्णांचं गाणं सांगतं की अन्याय झालाय, पण तो करण्यात तूही आहेस. पहिली भावना अंगावर शालीसारखी घेता येते. दुसरी चपलेतल्या खड्यासारखी टोचत राहते. आता शाल कोण नाकारणार आणि खडा कोण मागून घेणार? चित्रफितीतल्या भावनेचा हा पहिला नियम समजायला हरकत नाही. अभिमान आणि राग यांच्यावर गर्दी जमते. लाजेवर गर्दी जमत नाही. तिच्यावर झालाच तर एकेका माणसात, सावकाश फरक पडतो.

या गोष्टीला एक शेपूट आहे, तेही सांगायला हवं. आंदोलन ऐन भरात असताना आदीनं एक निवेदन करून त्यातून अंग काढून घेतलं. आंदोलनात देशविरोधी घोषणा शिरल्यात, असं त्याचं म्हणणं. ज्याच्या सुरावर माणसं आली, तोच निघून गेला, तरी माणसं थांबली! भावना एकदा पेटली की ती पेटवणाराच्याही हातात राहत नाही.

पत कुठून येते?

तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेला की माणसाला पटवायचे मार्ग तीन. युक्तिवाद करा, त्याच्या भावनेला हात घाला किंवा तुमच्या शब्दाला पत असू द्या. चार मिनिटांच्या गाण्यात युक्तिवादाला जागा फारशी नसते. आकडे गाता येत नाहीत आणि कायद्याची कलमं तालात बसत नाहीत. राहता राहिल्या भावना आणि पत.

भावना जागवायची हत्यारं आता सगळ्यांना मुखपाठ झालीत. आधी म्हातारीचे सुरकुतलेले हात, मग लहान मुलाचे डोळे कॅमेऱ्यात अगदी जवळून, मग क्षणभर संगीत बंद आणि त्या शांततेत एकच बासरी. साबणापासून विम्यापर्यंत सगळ्यांनी ती वापरून वापरून बोथट केली आहेत. पत मात्र अशी दुकानात मिळत नाही. ती उसनी आणता येते, पण उसनी पत ओळखू येते.

खरं तर मराठी माणसाला हे कुणी शिकवायला नको. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गावातली घाण झाडायची आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. दिवसा तो खराटा पाहिलेला माणूस रात्री त्यांचं कसं ऐकणार नाही? अण्णा भाऊ साठ्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गायलेली मैनेची छक्कड आठवा. गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणाऱ्या मुंबईतल्या कामगाराचं ते दुःख आणि त्याच्या आडून तुटलेल्या मराठी मुलखाचं दुःख. एकाच दगडात दोन पक्षी! ती लोकांच्या काळजात घुसली, कारण लिहिणारा स्वतः गिरणीत राबलेला आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेला होता. त्याच्या झुरण्याला खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

कृष्णांकडे असा खराटा होता का? होता, वेगळ्या तऱ्हेचा. डिसेंबरचा संगीत महोत्सव हे मद्रासच्या गायकाचं वैभव. त्यात आपण यापुढे गाणार नाही, असं त्यांनी २०१५मध्येच जाहीर केलं होतं. हे संगीत एकाच जातीच्या मुठीत अडकलंय, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे राखेत बसण्याआधी त्यांनी गालिचा सोडला होता. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला खाडीवरची बैठक नाटक वाटत नाही.

अर्थात, पत सगळ्यांच्या लेखी सारखी नसते. २०२४मध्ये मद्रास म्युझिक अकादमीनं कृष्णांना ‘संगीत कलानिधी’ हा मानाचा किताब जाहीर केला, तेव्हा रंजनी-गायत्रीसारख्या नावाजलेल्या गायिकांनी निषेध म्हणून अकादमीच्या कार्यक्रमातून माघार घेतली. ज्या कामामुळे एका घरात गायकाचा शब्द प्रमाण ठरतो, त्याच कामामुळे शेजारच्या घरात त्याचं गाणं लागलं की आवाज बंद होतो.

साबणाचा धबधबा आणि पाऱ्याची गोष्ट

चेन्नईच्याच सोफिया अश्रफ हिची कथा याहून वेगळी. तिच्याकडे ना शास्त्रीय संगीताचं वलय होतं, ना मॅगसेसे. होती ती रॅप गाण्याची धारदार जीभ.

कोडाईकनाल हे थंड हवेचं ठिकाण आपल्या पिढीनं प्रत्यक्ष पाहिलं नसलं, तरी त्याचा पांबार धबधबा नक्की पाहिलाय. हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली ती मुलगी धबधब्याखाली मनसोक्त भिजतेय, ती लिरिल साबणाची जाहिरात! ती तिथेच चित्रित झाली होती. आजही लोक त्याला लिरिल धबधबा म्हणतात. ना माहिती, ना तर्क. नुसत्या पाण्याच्या आनंदावर हिंदुस्थान लीव्हरनं साबण खपवला. भावनेच्या जोरावर पटवण्याचा याहून अस्सल नमुना शोधून सापडायचा नाही.

त्याच कोडाईकनालमध्ये ताप मोजायच्या थर्मामीटरचा एक कारखाना होता. मूळचा पाँड्सचा. पुढे पाँड्स हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन झाली आणि कारखानाही तिच्याकडे आला. २००१मध्ये भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचा आढळल्या, बोंबाबोंब झाली आणि कारखान्याला कायमचं कुलूप लागलं. पाऱ्यामुळे आपल्याला आजार जडले, असं शेकडो कामगारांचं म्हणणं. कारखान्यातल्या कामाचा आणि आजारांचा संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. वर्षं लोटली. देश विसरून गेला.

जुलै २०१५च्या अखेरीस सोफियाची ‘कोडाईकनाल वोन्ट’ ही चित्रफीत आली. अमेरिकी गायिका निकी मिनाज हिच्या गाजलेल्या ‘अ‍ॅनाकोंडा’ची चाल उचलून तिच्यावर नवे शब्द बसवले होते. दिग्दर्शक पुन्हा रतींद्रन प्रसादच. चाल जगभरच्या तरुणांच्या ओठांवर होतीच, त्यामुळे गाणं वणव्यासारखं पसरलं. खुद्द निकी मिनाजनं ते आपल्या चाहत्यांपर्यंत पोचवलं. कंपनीच्या जागतिक प्रमुखांना जाहीर खुलासा करावा लागला. मार्च २०१६मध्ये कंपनीनं ५९१ माजी कामगारांशी समझोता करून त्यांना रक्कम दिली. मात्र माणुसकीच्या भावनेतून देत आहोत, दोष मान्य करून नव्हे, ही कंपनीची भूमिका कायम राहिली. कारखान्याच्या आवारातली माती किती स्वच्छ करायची, हा वाद तर पुढेही चालू राहिला. २०१८मध्ये त्यावर दुसरी चित्रफीत निघाली आणि या वेळी सोफियाच्या जोडीला टी. एम. कृष्णाही गायले.

यावरून कुणी म्हणेल, ‘बघा, पंधरा वर्षांत जमलं नाही ते गाण्यानं आठ महिन्यांत केलं!’ असं म्हणणं गाण्याला फार मोठं आणि कामगारांना फार लहान करणं होईल. पंधरा वर्षं कागद जमवणारे, तारखांना हजर राहणारे, साथीदारांची नावनिशी लिहून ठेवणारे कामगार मागे नसते, तर ते गाणं हवेत विरलं असतं. सोफियाच्या शब्दाला पत आली ती त्यांच्यामुळे. तिनं त्यांना कान मिळवून दिले. दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

मुंबईचे दोन दाखले

आपल्या मुंबईतही या दोन प्रकारांचे दाखले वर्षभराच्या आत मिळाले. जुलै २०१७मध्ये रेडिओवरच्या मलिष्कानं ‘सोनू’च्या लोकप्रिय चालीवर महापालिकेच्या खड्ड्यांची टर उडवली. गाणं साधंच, चार माणसं अंगणात नाचताहेत असं. पण पावसाळ्यात खड्ड्यातून न आपटलेला मुंबईकर कोण? गाण्याची पत गायिकेकडे नव्हती, ती ऐकणाऱ्याच्या कंबरेच्या दुखण्यात होती! पालिकेनं मलिष्काच्या घरात डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली, सत्ताधारी पक्षाच्या नगरसेवकांनी तिच्यावर ५०० कोटींचा दावा लावायची मागणी केली आणि ज्यांनी गाणं ऐकलं नव्हतं त्यांनीही मग ते शोधून ऐकलं.

फेब्रुवारी २०१८मध्ये आलं मुंबईच्या नद्यांवरचं गाणं. पोईसर, दहिसर, ओशिवरा, मिठी या नद्या वाचवा, असा त्याचा संदेश. हेतू चांगला, सोनू निगमचा गोड गळा, अमृता फडणवीसांचं गाणं आणि पडद्यावर खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, मंत्री सुधीर मुनगंटीवार, सनदी अधिकारी. पतीची इतकी मोठी रास क्वचितच कुणी एका चित्रफितीत ओतली असेल. झालं काय? नद्या राहिल्या बाजूला आणि मुख्यमंत्र्यांनी खासगी संगीत कंपनीच्या चित्रफितीत काम करावं का, यावरच रान उठलं. लोकांच्या मनातला प्रश्न साधा होता. नदी स्वच्छ करायचे अधिकार ज्यांच्या हातात, ते ‘नदी स्वच्छ करा’ असं गाऊन सांगताहेत कुणाला? अधिकार असणाऱ्याची पत त्याच्या कामातून दिसते. त्यानं गाणं म्हटलं की ती वाढत नाही, उलट मोजली जाते.

याउलट १९८८च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शननं दाखवलेलं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आजही डोळे ओलावतं. तेही सरकारी माध्यमावरचंच. पण त्यात मंत्री नव्हते. सुरुवातीला होते भीमसेन जोशी, आणि भीमसेनांनी सूर लावल्यावर ओळखपत्र कोण मागणार?

आवाज तरी खरा का?

आतापर्यंत एक गोष्ट आपण गृहीत धरत होतो, की गाणारा निदान तोच आहे. आता तीही धरता येत नाही. जानेवारी २०२४मध्ये चेन्नईच्याच ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं पुन्हा उभे केले. रहमान यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसं जाहीरही केलं. पण जे परवानगी घेऊन करता येतं, ते न घेताही करता येतंच की! उद्या तुमच्या आवडत्या गायिकेच्या हुबेहूब आवाजात एखाद्या पक्षाचं, एखाद्या गुंतवणूक योजनेचं, एखाद्या बुवाचं गाणं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येईल. भावना खरी जागी होईल, पत मात्र चोरीची असेल.

म्हणून घरात पोरं असं काही दाखवायला आली आणि त्यांचा कंठ दाटून आला असेल, तर थट्टा करू नये. त्यांचं हलणं खरं असतं. सोबत बसून पुन्हा एकदा पाहावं आणि सहज विचारावं : हे काढायला पैसे कुणी दिले? गाणाऱ्यानं यासाठी काही सोडलंय, की यातून काही मिळवलंय? यात दाखवलेली जागा नकाशावर आहे का, आणि तिथली माणसं स्वतः काय म्हणतात? पोरंबोक्कूच्या गाण्याची मोठी जमेची बाजू हीच की त्यात गावाचं नाव आहे, खाडीचं नाव आहे. कुणीही उठून जाऊन पाहावं. आणि लोक गेलेही. ऑक्टोबर २०१७मध्ये अभिनेते कमल हासन स्वतः एन्नोरला जाऊन राख पाहून आले. २०२२मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं वीज कंपनीवर खाडीच्या नुकसानीची जबाबदारी टाकली.

खाडी वाचली का? डिसेंबर २०२३मध्ये ‘मिचाँग’ वादळाच्या पुरात तेलशुद्धीकरण कारखान्याकडून तेल वाहत आलं आणि एन्नोरच्या कोळ्यांच्या होड्या, जाळी काळीकुट्ट झाली. त्याच पावसात दक्षिणेकडच्या आयटी पट्ट्यातल्या वसाहतीही पुन्हा पाण्यात गेल्या. दरम्यान, २०२२मध्ये पल्लीकरणैच्या उरल्यासुरल्या दलदलीपैकी सुमारे १,२४७ हेक्टर क्षेत्राचा समावेश पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसार यादीत झाला. काचेच्या इमारती मात्र तिच्या काठाला तशाच उभ्या आहेत.

सिरुसेरीच्या आसपास फ्लॅट घ्यायचं ज्यांच्या घरी चाललंय, त्यांच्यासाठी शेवटी एक कामाची माहिती. तामिळनाडू सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर आपल्या सातबाऱ्यासारखा ‘पट्टा’ पाहता येतो. त्याच पानावर आणखी एक सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर भरला की ती जमीन पोरंबोक्कू आहे की नाही, ते कळतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात तळं दिसेल, हिरवळ दिसेल, हसरं कुटुंब दिसेल, पार्श्वसंगीतही गोड असेल. त्याच्याकडून सर्व्हे नंबर मागून घ्यावा आणि बयाणा देण्याआधी तिथे टाकून पाहावा.